पाणी मावेल तितकं

आखाजीला दोन दिवस होते. रावेरकडच्या त्या गावात वैशाखातल्या दुपारी केळीची पानंसुद्धा मान टाकतात. आत्या पडवीत बसून गहू ओलवत होती आणि मी तिच्यासमोर 'मानसोल्लासा'ची झेरॉक्स घेऊन बसले होते. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. त्या दिवशी खापरावरचे पुरणाचे मांडे आणि आमरस नसेल, तर सण झाला असं कोणी धरत नाही.

आत्यानं चाळीस वर्षं लग्नाकार्यातला स्वयंपाक केला. पंचाहत्तरी उलटली तरी मांड्यांच्या ऑर्डरी अजून घेते. मी पुण्यात जुन्या पाककृतींचा अभ्यास करते: पोथ्या, छापील पुस्तकं, दप्तरांतले जमाखर्च. आत्याच्या मते हा अभ्यास म्हणजे जेवून झाल्यावर खरकटी मोजत बसणं. तिला लिहायचा कंटाळा आहे, असं माझं मत. दोघींनी ही मतं एकमेकींना बऱ्याचदा ऐकवली आहेत. त्या दुपारचं बोलणं आठवेल तसं उतरवते आहे. माझ्या तोंडचं थोडं शहाणपण नंतर सुचलेलं असू शकेल. आत्याचं मात्र सगळं तिचंच.

आत्या : काय वाचतेस गं मघापासून? ओठ हलताहेत नुसते.

मी : मांड्याची कृती. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची. कल्याणीचा चालुक्य राजा, तिसरा सोमेश्वर, त्याच्या नावावर हा ग्रंथ आहे. ११३०च्या आसपासचा.

आत्या : कल्याणचा राजा मांडे करत होता?

मी : ते कल्याण नाही, बिदरजवळचं बसवकल्याण. आणि तो करत नव्हता, खात होता. राजानं राज्य कसं करावं आणि काय काय भोगावं, याचे शंभर अध्याय आहेत. हत्ती, रत्नं, संगीत, मासेमारी, त्यात एक अन्नभोग. ऐक. गहू धुवायचे, उन्हात वाळवायचे, 'घरट्टा'वर दळायचे...

आत्या : घरटावर. म्हणजे मोठ्या जात्यावर. माझ्या सासूच्या तोंडी होता तो शब्द.

मी : मग चाळायचे. त्या पिठात थोडं तूप, मीठ, आणि दूध-पाणी घालून गोळा करायचा. मोठ्या 'काष्ठपात्री'त घालून तळहातानं आपटून आपटून मळायचा.

आत्या : काठवट. ती बघ, तुझ्या मागे उभी केलेय.

खरंच होती. सागवानी, कडेला तडा गेलेली, त्यावर पत्र्याची पट्टी मारलेली. शब्दकोशात 'काष्ठपात्री'चा अर्थ मी लाकडी परात असा लिहून ठेवला होता. काठवट शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पण तो पाठीमागे भिंतीला टेकून उभा आहे आणि आपण कोशात शोधतोय, याची थोडी लाज वाटली.

मी : चिकट होईपर्यंत मळून त्याचे गोळे. हाताला तूप लावायचं, गोळ्याला तांदळाची पिठी. मग हातावर फिरवत फिरवत रुंद करायचा, पांढऱ्या रेशमी वस्त्रासारखा दिसेपर्यंत. आणि तापलेल्या 'खर्परा'वर टाकायचा.

आत्या : खापरावर.

मी : हो. म्हणजे तू परवा करणार आहेस, तेच.

आत्या : तेच कसं? पिठी कुठे लावते मी? पिठी लागते म्हणजे त्या बाईचं पीठ माझ्याहून घट्ट होतं. माझं पीठ सैल, मिठाच्या पाण्यातलं, पिठी लावली तर हाताला धरणारच नाही. आणि तिच्या मांड्यात पुरण कुठेय?

मी : या कृतीत नाही.

आत्या : मग? पुरण घातलं की पिठाला वेगळी ओढ लागते. पोटात ओझं धरून पसरायचं असतं त्याला. ती करत होती तो मांडा, पण माझा मांडा नव्हे. आणि पाणी किती लिहिलंय?

मी : पाण्याचं माप नाही.

आत्या : मग काय लिहिलं?

इथेच आमच्या वादाला तोंड फुटलं. जुनी पाककृती वाचणाऱ्या कोणालाही या प्रश्नाशी थांबावं लागतं. ही चुप्पी फक्त सोमेश्वराच्या ग्रंथातली नव्हे. येल विद्यापीठात बॅबिलोनच्या काळातल्या मातीच्या पाट्या आहेत, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या. जगातल्या सर्वांत जुन्या लेखी पाककृतींत त्यांची गणना होते. बहुतेक रश्शांच्या आहेत. मांस घे, पाणी घाल, चरबी घाल, कांदा, लसूण. मापं जवळपास नाहीतच.

मी : आत्या, पाणी लिहिलं नाही, कारण वाचणाऱ्याला ते माहीत होतं. तू मला निरोप धाडलास, 'येताना दूध आण', तर कुठल्या जनावराचं ते लिहिशील का? जे सगळ्यांना ठाऊक, ते लिहीत नाहीत. पोथीत काय गाळलंय, त्यावरून त्या काळच्या माणसांच्या हाताला काय येत होतं ते आम्ही ओळखतो.

आत्या : अन् मी म्हणते, लिहिलं नाही, कारण लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं. तो बघत होता उभा राहून. पुरुषमाणूस. पीठ आपटताना बघितलं, वस्त्रासारखं पसरताना बघितलं, ते लिहिलं. डोळ्याला दिसलं तेवढं त्याच्या वहीत आलं. पाणी किती ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. बोटं त्याची नव्हतीच पिठात.

मी : ते कशावरून?

आत्या : वस्त्रासारखा दिसतो म्हणे. करणारी बाई कधी असं म्हणेल? ती म्हणेल, तळहाताच्या रेषा आरपार दिसल्या पाहिजेत. वस्त्र बघणाऱ्याला दिसतं.

मी हे टिपून घेतलं. नंतर संस्थेतल्या एका सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, संस्कृत काव्यात उपमा असतातच, त्यावरून लेखकाचे हात पिठात होते की नव्हते हे ठरत नाही. त्याचं बरोबर आहे. तरी मला आत्याचा मुद्दा पूर्ण सोडवत नाही.

आत्या : आणि काय काय आहे तुझ्या राजाच्या ताटात?

मी : पोळी आहे, 'पोलिका'. पुरी आहे, वडे आहेत. 'धोसक' आहे, 'इडरिका' आहे. पण ती इडली आजची नव्हे. उडदाची, मिरे-जिरे-हिंग लावलेली. त्यात तांदूळ नाही. मिरची अर्थातच कशातच नाही. ती पोर्तुगीज आले तेव्हा आली, पुढे चारेकशे वर्षांनी. मासे आहेत, कासव आहे, डुकराचं मांस आहे. शेतातले, नदीकाठचे उंदीर भाजून...

आत्या : उंदीर! राजा असून?

मी : राजा होता म्हणूनच ते लिहिलं गेलं. तेच गरिबानं खाल्लं असतं, तर कोणी ग्रंथ लिहिला नसता. तीच तर गंमत आहे, आत्या. आज ज्याला आपण खालचं अन्न म्हणून नाक मुरडतो, ते राजाच्या अन्नभोगात मानानं बसलेलं आहे. कागद नसता, तर 'आपल्याकडे पूर्वी असं काही नव्हतंच' म्हणायला माणसं मोकळी झाली असती.

आत्या : (गव्हावर ओलं फडकं टाकत) आणि गरिबानं खाल्लं ते?

मी : ते फार कमी लिहिलं गेलंय. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणावर शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यायला २०१५ साल उजाडावं लागलं. वाळवलेल्या मांसाच्या चान्या त्याआधी कुठल्या मराठी पाकपुस्तकात सापडतील? १८७५च्या सुमारास 'सूपशास्त्र' छापलं गेलं, त्यालाही दीडशे वर्षं झाली. एवढ्या पुस्तकांत त्या घरांतली चूल कुठे नाही.

आत्या : मग तुझी ती 'वाचणाऱ्याला माहीत होतं म्हणून लिहिलं नाही' वाली गोष्ट इथे कशी लागू पडते? इथे तर लिहिणाऱ्याला ते माहीतच करून घ्यायचं नव्हतं.

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. उठून माठातलं पाणी प्यायले. चुप्पीचा एकच अर्थ लावायची माझी सवय आत्यानं पकडली होती, आणि स्वतःचा दुसरा अर्थही सोडून ती तिसऱ्यावर गेली होती.

परत येऊन मी तिला वैद्यांकडे नेलं. तिथे माझी बाजू भक्कम होती.

मी : मापं लिहिणारेही होते. सोळाव्या शतकातला भावमिश्र घे. वैद्यकाचा ग्रंथ, 'भावप्रकाश'. त्यात 'कुंडलिनी' आहे, म्हणजे आपली जिलबी. नवं मडकं घ्या, आतून आंबट दह्याचा लेप द्या. दोन प्रस्थ मैदा, एक प्रस्थ आंबट दही, अर्धा शराव तूप. घोळून मडक्यात घाला, उन्हात ठेवा. मग भोकाच्या भांड्यातून तापल्या तुपात फिरवा. सगळं मोजून! कारण त्याच्या लेखी तेही औषधच. इंग्रजीतला 'रेसिपी' शब्दसुद्धा आधी वैद्याचाच. लॅटिनमधली आज्ञा आहे ती : 'घे'. डॉक्टर चिठ्ठीच्या वर आर आणि एक्स जोडून खूण करतात ना, तोच 'घे'.

आत्या : उन्हात किती वेळ ठेवायचं मडकं?

मी : (कागद बघत) आंबट होईपर्यंत.

आत्या हसली नाही. एक भुवई तेवढी वर गेली.

मी : बरं, तेवढं राहिलं. पण उन्हाचं कोण काय सांगणार? वैशाखातलं ऊन, की मार्गशीर्षातलं?

आत्या : तेच म्हणते मी. पाण्याचंही तसंच आहे. गहू कुठला, पाऊस कसा झाला होता, दळून किती दिवस झाले. आमच्या लहानपणीचा गहू पाणी कमी मागायचा. आता लोकवन आला, त्याची तऱ्हा वेगळी.

मी : लोकवन गेल्या पन्नास वर्षांतला. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला वाण, 'लोक-१'. आपण त्याचं लोकवन केलं.

आत्या : बघ. म्हणजे राजाच्या पोथीत 'गहू' लिहिलंय आणि माझ्या डब्यावर पण 'गहू' लिहिलंय. दोन्ही गहू एक आहेत का?

नाहीत. आमच्या अभ्यासातली ही खरी डोकेदुखी आहे, आणि आत्याला ती मी कधी सांगितली नव्हती. शब्द तोच राहतो, वस्तू बदलते. शेर म्हटलं तर कुठला शेर? मुंबईचा आणि पुण्याचा एक नव्हता. १९५८पासून किलो-ग्रॅम आले, तोवर गावागणिक मापटं-चिपटं वेगळं. साबुदाणा घ्या. जुन्या कागदात 'साबुदाणा' दिसला, तर तो पूर्वेकडच्या बेटांवरच्या साबूच्या झाडाचा असू शकतो. आजचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, बहुतेक सेलमकडून आलेला, आणि तो कंद मूळ दक्षिण अमेरिकेतला. एकादशीच्या खिचडीतला शेंगदाणा तिकडचाच. मिरचीही, बटाटाही. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग उपासाला तेच चालतात, हे बरोबरच आहे की. जुन्या धान्याला बंदी, नव्याला कोणी नियम केलेलाच नव्हता." मी यावर सात पानांचा निबंध लिहिला होता. त्यातही निष्कर्ष साधारण हाच होता.

ऊन कलायला लागलं. गहू फडक्यात मुरत ठेवून आत्या आत गेली आणि चहा घेऊन आली.

आत्या : लिहून काय होतं, ते मी भोगलंय. एका पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मांड्याची कृती विचारली होती. बाई फोनवर म्हणाली, माप सांगा. मी म्हटलं, पाणी मावेल तितकं. तिनं काय छापावं? 'दोन वाट्या'. माझ्या नावानं! दोन महिने फोन येत होते. एकीनं तर मला सरळ खोटारडी म्हटलं, पीठ पातळ झालं म्हणून.

मी : तिला तरी काय करायचं होतं? 'मावेल तितकं' छापलं असतं, तर वाचणारीनं काय करावं? तिच्या घरात तू नाहीस. तिची सासूही नसेल. पुण्या-मुंबईत दोन खोल्यांच्या घरात नवी नवरी एकटी, आई गावाला. तिला वाटी हवी, चमचा हवा. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७०मध्ये आलं आणि घरोघर गेलं ते का? वाटी-चमच्यात सांगितलं म्हणून. शिकवणारा हात जवळ नाही, तिथेच कृती लिहून लागते. आत्या, मला तर वाटतं, पाककृतींचा इतिहास म्हणजे घर सोडून गेलेल्या बायकांचा इतिहास.

आत्या : हे वाक्य घरून पाठ करून आलीस.

(खरं होतं.)

मी : बरं. पण लक्ष्मीबाई धुरंधरांचं घे, 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया', १९१०चं. हजार! हजार पदार्थ कोणत्या बाईला लागतात? त्यात नवी शिकलेली, नवी श्रीमंती आलेली मुंबईची घरं दिसतात. पाहुण्यांपुढे काय ठेवायचं, कोणत्या घरात बसायला मिळालं म्हणजे आपण वर चढलो, ते सगळं दिसतं.

आत्या : म्हणजे फुशारकीचं पुस्तक?

मी : थोडी फुशारकी, थोडी गरज. तंजावरला सरफोजी राजांच्या काळातल्या मुदपाकखान्याच्या कृती मराठीत लिहून ठेवल्या आहेत, सरस्वती महाल ग्रंथालयात. इकडून तिकडे गेलेले मराठे. काही पिढ्या गेल्यावर जेवणात तमिळ चव उतरली, तरी भाषा मराठी. लिहून ठेवलं नसतं, तर आज तिथल्या मराठी चुलीविषयी आपण फक्त दंतकथा सांगत बसलो असतो. सांबाराची ती गोष्ट तुला माहीत असेल, संभाजीराजे तंजावरला गेले आणि आमसुलं संपली म्हणून चिंच घातली...

आत्या : खरी आहे ना ती?

मी : मी तरी तिचा त्या काळचा कागद पाहिलेला नाही.

आत्या : म्हणून खोटी?

मी : म्हणून नुसती गोष्ट.

आत्या : आणि कागद असता, तर खरी झाली असती? मघाशी तूच सांगितलंस ना, राजा स्वयंपाक करत नव्हता, तरी ग्रंथ त्याच्या नावावर आहे. कागदाला काय, कोणाचंही नाव लागतं.

हा टोला बसला. मी तिला मांडूची गोष्ट सांगितली. मांडू आमच्यापासून फार लांब नाही, सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की आलंच. तिथला सुलतान घियासशाह, १४६९ ते १५००. त्याच्यासाठी 'निमतनामा' म्हणून पाककृतींचा ग्रंथ तयार झाला, फारसी, चित्रांसकट. आता तो लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. समोशांचेच किती प्रकार आहेत त्यात. अत्तरं आहेत, वाजीकरणाची औषधं आहेत. पण मी आत्याला मोबाइलवर चित्रं दाखवली. मिशाळ सुलतान बसलेला आणि भोवती बायका : कोणी कढईपाशी, कोणी ताट घेऊन.

आत्या : (चित्र मोठं करून) ही बघ. हिच्या हातात झारा आहे. हिला विचारलं असेल ना, किती वेळ ते?

मी : विचारलं असेल. नाव मात्र कोणाचं लिहिलेलं नाही. चित्रात तरी आल्या. सोमेश्वराच्या अन्नभोगात तेवढ्याही नाहीत. म्हणजे, थांब, त्याच ग्रंथात एके ठिकाणी आहेत. संगीताच्या भागात. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात, अशी नोंद आहे.

आत्यानं कप खाली ठेवला.

आत्या : त्यानं ओवी ऐकली?

मी : ऐकली असणार. ओवीचा इतका जुना उल्लेख म्हणून ती नोंद मराठीच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे.

आत्या : म्हणजे कांडणाऱ्या बाईचं गाणं त्याच्या कानावर गेलं, ते त्यानं लिहिलं. आणि तिनं कांडलेलं पानात पडलं, तेही लिहिलं. दोन वेगळ्या अध्यायांत. दोन्ही एकाच बाईचं आहे, हे काही त्याला जोडता आलं नाही.

मी वर्षानुवर्षं हे दोन अध्याय वेगवेगळे वाचत आले आहे. एक पाकशास्त्राच्या फायलीत ठेवला होता, दुसरा लोकसाहित्याच्या. सोमेश्वराला नावं ठेवायचा मला अधिकार नव्हता.

मी : पण आत्या, त्यानं दोन्ही लिहिलं, म्हणूनच आज तू ते जोडू शकलीस.

आत्या : (जरा थांबून) हं. ते आहे.

पहिल्यांदाच ती एक पाऊल मागे आली, म्हणून मी लगेच पुढे सरकले. ही माझी चूक.

मी : आणि तू काहीच लिहून ठेवलं नाहीस, तर तुझ्यामागून हे मांडे...

आत्या : माझ्यामागून युट्यूब आहे. परवाच नातीनं दाखवलं. 'आता आपण यामध्ये मीठ घालून घेणार आहोत.' घालून घेणार आहोत म्हणे. घाल की बाई! कोणाची वाट बघतेस?

तिची नक्कल इतकी बेमालूम होती की मला हसू आवरेना. पण ती गमतीत बोलली ते अभ्यासाचंच होतं. जुन्या मराठी पाकपुस्तकांत क्रियापदं 'घ्यावे', 'घालावे', 'परतावे' अशी येतात, व्रतवैकल्यांच्या विधीत येतात तशी. सांगणारा उंचावर, ऐकणारी खाली. पुढे 'घाला', 'परता' आलं, म्हणजे बरोबरीची बाई बोलायला लागली. आणि आता कॅमेऱ्यापुढे 'आपण घालून घेणार आहोत'. या 'आपण'मध्ये बघणारीला ओढून घेतलं जातं, तिचे हात मात्र कोरडेच. शंभर-सव्वाशे वर्षांत स्वयंपाक सांगणारीचं आणि ऐकणारीचं नातं कसकसं बदललं, ते नुसत्या क्रियापदांवरून काढता येईल. कोणीतरी काढावं.

मी : पण त्या युट्यूबमध्ये तुझं खापर नाही, तुझी काठवट नाही.

आत्या : एका बाईचं आहे की खापर. मी बघितलं. चांगला करते मांडा. माझ्यापेक्षा पातळ. (हलक्या आवाजात) पण फिरवताना डावा हात खाली ठेवते, म्हणून तिचा एका बाजूनं जाड राहतो. हे तिला तिच्या कॅमेऱ्यात दिसत नाही.

संध्याकाळी आत्या माळ्यावरच्या पेटीतून वही काढून आली. मला दाखवायला नव्हे. आखाजीनंतर एका लग्नाची ऑर्डर होती, त्याचा अंदाज बघायला. मी म्हटलं, तू तर लिहीत नाहीस ना काही? ती म्हणाली, "हे लिहिणं नव्हे. हा हिशेब आहे."

निळ्या कव्हराची लांबट वही, शिवण सुटलेली. सुरुवातीची पानं पायलीत, पुढची किलोत. कोणाचं लग्न, किती पानं वाढली, गहू किती, हरभऱ्याची डाळ किती, गूळ किती, वांगी किती, सरपण किती गाड्या. समासात बारीक अक्षरात : 'वांगी कमी पडली.' 'वऱ्हाड १०० सांगून १७० आलं.' 'डाळ जुनी, शिजली नाही, पुरण पाट्यावर दोनदा वाटलं.' 'गूळ काळा. पुन्हा त्या दुकानी नको.' एका पानावर नुसतं : 'पाऊस. खापर फुटलं. पोळ्या केल्या.'

वाचताना माझे हात थोडे थरथरले, हे खरं सांगते. आमच्या कामात पाककृतीच्या पुस्तकापेक्षा असा कागद मोलाचा. पुस्तकात काय व्हायला हवं ते असतं, हिशेबात काय झालं ते. १७८३ साली सवाई माधवरावांचं लग्न झालं, त्याच्या व्यवस्थेच्या याद्या अभ्यासक आजही उलगडून बघतात, त्या यासाठीच. पण त्या याद्यांतसुद्धा 'खापर फुटलं' असं कोणी लिहिलेलं मला आठवत नाही. दरबारात खापर फुटलं, तर ते दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यावर फुटायचं.

मी : आत्या, यात मांडा कसा करायचा ते कुठेच नाही.

आत्या : कशाला असेल?

मी : पाणी किती, तेही नाही. म्हणजे माझंच खरं झालं. वाचणाऱ्याला माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही.

आत्या : ही वही वाचणारी मीच. तुझ्या राजानं पोथी दुसऱ्यासाठी लिहिली होती. दोन्हीची चुप्पी एक कशी धरतेस?

मी : मग सांगते का? आत्ता? मी लिहून घेते, तुझ्याच शब्दांत. दोन वाट्या नाही छापणार.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग फडक्याखालच्या गव्हाकडे. एक दाणा काढून दाताखाली धरला.

आत्या : लिही. गहू ओलवून फडक्यात ठेवायचे. दाताखाली धरला की कट्ट वाजायला नको, पण दबायलाही नको. दळून वस्त्रगाळ करायचं. मिठाचं पाणी करून घ्यायचं. पाणी हातानं शिंपडत पीठ ओलं करायचं, एकदम ओतायचं नाही. काठवटीत आपटायचं. आधी पीठ काठवटीला चिकटतं, मग हाताला चिकटतं, मग कोणालाच चिकटत नाही. तिथे थांबायचं.

मी : आणि पाणी?

आत्या : आत्ता सांगितलं की. तिसऱ्यांदा चिकटत नाही तोवर.

मी लिहून घेतलं. पुन्हा वाचून दाखवलं. तिनं एक दुरुस्ती सांगितली : 'थांबायचं' नको, 'झाकून ठेवायचं' लिही, नाहीतर वाचणारी खरंच थांबून बसेल.

मग मी वही पुण्याला न्यायला मागितली. स्कॅन करून आठवड्यात परत पाठवते, अगदी नीट, शिवणसुद्धा बांधून घेते, असं म्हटलं. आत्यानं वही माझ्या हातातून काढून घेतली आणि मागचं पान उघडून दाखवलं. तिथे नावांची रांग होती, प्रत्येकापुढे रक्कम. निम्म्या नावांवर काट मारलेली, निम्मी तशीच.

आत्या : ही नाही मिळायची. यातले तिघं परवा आखाजीला येणार आहेत जेवायला.